बेथलेहेममार्गे विरार

नंदाखाल, पोस्ट आगाशी,
नाताळचा तिसरा दिवस, १९५१

तीर्थरूप बॅप्टिस्टमामा यांना भाचा कॉन्रॅड याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही बरे आहोत. तुम्ही, मामी आणि मामींचे गुडघे बरे असावेत अशी प्रार्थना करतो. आईला नेहमीचा खोकला आहे. बाबांना राग आहे. मला झोप नाही. बाकी सर्व क्षेम.

मामा, परत जाणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावातून तुम्ही मला चावीचे इंजिन आणि डबे आणून दिलेत, त्या उपकारातूनच ही सर्व हकीकत निघाली आहे (दोष देत नाही). रूळ गोल फिरण्यापुरतेच होते, आणि गाडी इतकी धावून कुठेच जात नाही हे मला पाहवेना. म्हणून रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून मी रूळ वाढवत नेले, आणि आता आमच्या ओटीवर भाईंदरपासून विरारपर्यंत लाइन झाली आहे. खाडीच्या जागी आरसा आहे, त्यावरचा पूल बांबूच्या कामट्यांचा आहे. नायगावच्या मिठागरांत खरे मीठ घातले होते (पावसाळ्यात त्याला पाणी सुटून नायगाव स्टेशन भिजून बसले, नवे केले). नालासोपाऱ्याचा फलाट वाकडा वाटतो म्हणून कितीदा तरी उखडला. हे वाक्य लिहिताना उठून पुन्हा पाहून आलो. वाकडाच आहे.

अडचण सुकेळ्यांची झाली. पाऊस गेला की सोललेली केळी दिवसा उन्हात आणि संध्याकाळी ओटीवर, हा आमच्या घरचा नेम तुम्हांला ठाऊकच आहे. यंदा ओटीवर विरार आहे. बाबा केळ्यांच्या चटया घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, “आता ही कुठं ठेवू? तुझ्या फलाटावर?” मी म्हणालो, फलाटाला मुंग्या लागतील. हे म्हणायला नको होते. रविवारच्या आत उचलले नाहीस तर सगळे चुलीत घालीन, असे त्यांनी बजावले. (पत्र्याचे रूळ चुलीत जळणार नाहीत, असेही मी म्हणालो. तेही नको होते.)

तेव्हा शेजारचा निकोलस (मुंबईला कामाला जातो म्हणून त्याला सर्व कळते) म्हणाला, “वेड्या, मध्ये नाताळचा गोठा मांड. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत गोठा मोडायची कुणाच्या बापाची छाती आहे?” माझ्या बापाची आहे, असे मी सांगितले, पण उपाय चांगला होता. नालासोपारा आणि विरार यांच्या मध्ये मोकळी जागा होती, तिथे बेथलेहेम बसवले. शेतांसाठी नाचणी पेरली. पेटीतले मातीचे पुतळे, म्हणजे तुमच्याच घरचे, आजीचे, आईने काढून दिले. देताना तिने विचारले, “बेथलेहेमला कुठं गाडी जात होती रे?”

“आणि नाचणी कुठं पिकत होती, मावशी?” निकोलस म्हणाला. “ती पेरतोच ना आपण?”

आईने पुतळे पुसून माझ्या हातात दिले, पण पटून नव्हे.

तीन राजे बाळ येशूला भेटायला लांबून येतात, आपण त्यांना रोज थोडे पुढे सरकवतो. मी त्यांना भाईंदरला गाडीत बसवले. इथे माझी चूक झाली. पुलाच्या कमानीची उंची मी इंजिन मोजून ठेवली होती. उंटावर बसलेला राजा मोजला नव्हता. पहिल्या राजाचे डोके खाडीत पडले. उंट बाकीचा राजा घेऊन वेळेवर नायगावला पोचला.

आणि त्याच वेळी घरांना आशीर्वाद देत फिरणारे फादर ओटीवर चढले. बाबा झटकन नायगावसमोर जाऊन उभे राहिले. फादरांनी चष्मा पुसला. “बेथलेहेमला रेल्वे?”

आठवडाभर या रेल्वेला भंगार म्हणणारे आमचे बाबा, मामा, काय म्हणाले असतील? म्हणाले, “येशू जन्मला तेव्हा नावनोंदणीला सगळी दुनिया आपापल्या गावी निघाली होती ना, फादर? एवढी माणसं चालत थोडीच जातील?”

फादर खांब धरून हसले. मग त्यांनी विचारले, गाडी बेथलेहेमला थांबते का. “थांबते तर!” असे म्हणून बाबांनी स्वतः चावी दिली. पूर्ण दिली. गाडी कुठे थांबवायची तर चावी किती द्यायची, हे मी पुष्कळ रात्री जागून बसवले आहे. बेथलेहेम केव्हा गेले ते कळलेच नाही. विरारच्या पुढे भिंत आहे, तिथे थांबली. तरी फादर म्हणाले की सगळ्या वाडीला दाखवा.

पण सण झाल्यावर पुन्हा चुलीचा विषय निघेल. म्हणून तीन राजांना तुम्ही याच, आणि बाबांना दोन शब्द सांगा. ते तुमचे ऐकतात (तुम्ही गेल्यावर काय म्हणतात ते लिहीत नाही).

तुमचा चिंतेतला भाचा,
कॉन्रॅड

ता. क. राजाचे डोके खळीने चिकटवले आहे. तो किंचित मागे पाहतो. घर सोडून आलेला माणूस असे पाहील, असे मी आईला सांगितले आहे. तुम्हीही तेच सांगा.

ता. क. दुसरा. फलाटाच्या नादात पत्र टपालात टाकायचे राहिले आणि सण होऊन गेला. बाबांना आता काही सांगू नका. सुकेळी आईच्या स्वयंपाकघरात गेली आहेत, त्यामुळे आईला काही सांगता आले तर पाहा. चावी बाबांनी क्रुसाच्या दोऱ्यात घालून गळ्यात अडकवली आहे. नालासोपाऱ्याला गाडी थांबवतच नाहीत. मी तसे म्हटले, तर म्हणाले, “तुला काय कळतं गाडीतलं? जा, केळी उलटव.”

ता. क. शेवटचा. आणखी कोणी साहेब विलायतेला जात असेल तर लिलावावर नजर ठेवावी. एक इंजिन हवे आहे. मला.