डावीकडच्या चाकाचे मशीन

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आणि काकांचा खोकला? (दोन्हींची उत्तरे वेगवेगळी लिही. मागच्या वेळी नुसते ‘कमी आहे’ लिहिलेस, आणि गुडघा कमी की खोकला कमी या काळजीत माझे चार दिवस गेले.) मी खुशाल आहे. आठवीत शाळा सुटली तरी शुद्धलेखन सुटलेले नाही, त्यामुळे हे पत्र तू कुणालाही वाचायला देऊ शकतेस. पण देऊ नकोस. कारण पुढे येईलच.

आमच्या शिवणखान्यात सध्या एक मोठी गोधडी चालली आहे, शिवणवर्गाच्या भिंतीवर टांगण्यासाठी. मालकीणबाईंनी फर्मान काढले की प्रत्येकाने एक चौकोन आखायचा, विषय शिवणकामाचाच हवा आणि बघणाऱ्याला हसू आले पाहिजे. ज्याचा चौकोन मधोमध लागेल त्याला आखणीच्या टेबलावर बसायला मिळेल. आत्या, मी तीन वर्षे इस्त्रीच्या टेबलाशी उभा आहे. ‘बसायला’ एवढा शब्द ऐकला आणि माझे ठरले.

मी शिलाई मशीन आखले. साधे नाही, जीभ दाखवणारे. जीभ म्हणजे मोजपट्टी, डोळे म्हणजे दोन बटणे, आणि डोक्यावर टोपीसारखे दोऱ्याचे रीळ. उजवीकडे ऐटदार चाक. (चाक गोल असते हे मला ठाऊक आहे, पण या कामात सगळ्या रेषा सरळच लागतात, म्हणून माझे चाक आठ कोनांचे झाले. ते फिरले नसते, पण त्याला फिरायचे नव्हतेच.) पद्धत अशी की चित्र कागदावर काढायचे, त्याचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक द्यायचे, कापड कागदाच्या मागच्या बाजूला धरायचे आणि टाका मात्र पुढून, रेषेवर घालायचा. शेवटी कागद फाडून काढायचा. माझे तेवीस तुकडे होते. पहिल्या खेपेला आठच्या आधी नऊ शिवला आणि मशीनची जीभ कानातून बाहेर आली. दुसऱ्या खेपेला टोपीचा तुकडा उलटल्यावर अर्ध्या डोक्यालाच पुरला. मी हटलो नाही. जेवणाच्या सुट्टीत न जेवता तिसरा शिवला, रेघ न रेघ पट्टी लावून तपासली, कागद फाडला आणि पालथा चौकोन सुलटा केला.

चाक डावीकडे.

आत्या, कापड मागे धरले की चित्र आरशासारखे उलटे होते ही गोष्ट तिथल्या भिंतीलासुद्धा माहीत होती. मला कुणी सांगितली नाही, कारण मी विचारले नाही, आणि विचारले नाही कारण विचारल्यावर कटिंगमास्तर काय म्हणतील याची भीती. ते न विचारताही म्हणालेच, “काय रे, हे मशीन रुसलंय का कुणावर? तोंड फिरवून बसलंय ते!” सगळे हसले. (तसे हसू येणे ही अटच होती, पण मला ते मोजावेसे वाटले नाही.) तेवढ्यात मालकीणबाई आल्या. त्यांनी चौकोन उचलला, कडा बोटाने चाचपल्या आणि विचारले, “अरे, यात माया कुठंय?”

शिवणीबाहेर जी जादा पट्टी ठेवतात तिला माया म्हणतात, हे तूच मला मी सात वर्षांचा असताना शिकवलेस. पण त्या क्षणी घामाबरोबर तेही वाहून गेले. मला वाटले, बाई दुसरी माया विचारताहेत. मी एका दमात म्हणालो, “आहे ना बाई! हे माझ्या आत्याचं मशीन आहे. ती डावखुरी आहे, म्हणून तिनं चाक डावीकडं बसवून घेतलंय. तिच्याच मायेनं मी वाढलो.”

मास्तरांनी टेप गळ्यातून काढून हातात घेतली. मालकीणबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “मधोमध लावू या हा.” मग कडा पुन्हा चाचपून, “माया मात्र वाढव.”

तेव्हा बातमी आनंदाची आहे. दोघे तब्येतीला जपा.

तुझा भाचा

ता. क. : मालकीणबाईंना तुझ्या मशीनचा फोटो हवा आहे. कपाटाचा आरसा मशीनसमोर उभा कर आणि आरशातला फोटो काढ. मशीनवरच्या अक्षरांवर कागद चिकटव. काकांना मध्ये येऊ देऊ नकोस. त्यांच्या शर्टाची बटणपट्टी उलटी दिसेल, आणि मालकीणबाई आधी बटणपट्टी बघतात, मग माणूस.

ता. क. २ : फोटो नको. त्यांनी तुलाच बोलावले आहे, शनिवारी, शिवणवर्गातल्या डावखुऱ्या मुलींना कापड कापून दाखवायला. सोबत डाव्या हाताची कात्री पाठवत आहे. चार दिवस आहेत. आधी चहा ढवळण्यापासून सुरुवात कर. मी सांगतो, जमेल.

ता. क. ३ : वरचे काही करू नकोस, कात्रीही पाकिटातून काढली आहे. शुद्धलेखनासाठी पत्र पुन्हा वाचले. चूक एकही नव्हती, फक्त सगळे खोटे होते. तसाच उठलो आणि मालकीणबाईंना खरे सांगितले. त्यांनी चौकोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “उसव.” (कागद सहज फाटावा म्हणून यात टाके अगदी बारीक घालतात. तेवीस तुकडे. पूर्ण दुपार.) मग नवा आखायला घेतला, या वेळी कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरून. इस्त्रीच्या टेबलावर पडद्यांचा ढीग होता म्हणून आखणीच्या टेबलावर बसलो. आज दुसरा दिवस आहे, अजून कुणी ऊठ म्हणालेले नाही. मालकीणबाई जाता जाता एवढेच म्हणाल्या, “आत्या तरी खरी आहे ना?”

म्हणून शनिवारी नक्की ये. उजव्या हाताने ये.