दोन खुणांचा माणूस

३ ऑक्टोबर
आलो बुवा एकदाचे! तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक भलीमोठी खिडकी. खिडकीतून सरळ रस्ता पार पाण्याच्या टाकीपर्यंत दिसतो. लेकीने आल्या आल्या खिडकीवर हक्क सांगितला. पाच वर्षांच्या माणसाशी वाद कोण घालणार? नोकरी माझ्या आवडीची: जुन्या लष्करी वस्तूंच्या दुकानात दुर्बिणी पारखायच्या आणि असली की नकली ते लिहून द्यायचं. बायकोचं म्हणणं, तिलाही मी भिंग लावूनच पसंत केलं असणार.

५ ऑक्टोबर
आज सात दुर्बिणी पाहिल्या, त्यातल्या सहा नकली. नकलीवाले काळा रंग सगळीकडे सारखाच घासून काढतात. खऱ्या दुर्बिणीचं पितळ जिथे बोटं टेकतात तिथेच उघडं पडतं. सातवी एका म्हाताऱ्या बाईंनी विकायला आणलेली, त्यांच्या नवऱ्याची. तिचं पितळ अगदी हवं तिथे उघडं. डोळ्याचा नंबर लावायची कडी जुन्या ग्रीसने घट्ट धरलेली, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच माणसाने वापरलेली. मालक म्हणाले, कडीला हात लावू नका, तोच खरा पुरावा. पण मला सगळं धूसर दिसत असताना सही कशी ठोकू? मालकांची नजर चुकवून दुर्बीण घरी आणली, तेलाचा थेंब सोडला आणि कडी माझ्या नंबरावर आणली. माझा हट्टी स्वभाव, दुसरं काय.

६ ऑक्टोबर
भिंगं झकास. आत अंतर मोजायच्या बारीक खुणा आहेत. माणूस जितका जवळ, तितक्या जास्त खुणा त्याची उंची व्यापते. टाकीखाली एकजण उभा होता, दोन खुणांचा. भर उन्हात तासभर जागचा हलला नाही. दाखल्यावर ‘असली’ लिहून टाकलं.

८ ऑक्टोबर
तोच माणूस आज अर्ध्या रस्त्यात, गिरणीपाशी. चार खुणा. लांब कोट. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर तिथे कोणी नाही. दुसऱ्या दुर्बिणीतूनही नाही. बघत राहिलं की उभा असतो. पापणी लवली की थोडा पुढे आलेला. मी घाबरलोय, हे इथे लिहायला हरकत नाही.

९ ऑक्टोबर
सात खुणा. बाईंना फोन केला. कडी फिरवली का, हेच त्यांनी आधी विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाल्या, “आमचे हे शेवटी दिवसभर आकडेच सांगत बसायचे हो. तुमचा आकडा किती झालाय?”
मी सांगितला. तुमच्या घरात तेव्हा आणखी कोण होतं, असं विचारलं.
“मुलगी होती,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

१० ऑक्टोबर
कडी परत फिरवली. उपयोग नाही. दुकानात गेलो नाही. खिडकीतच बसून आहे. लेक मांडीवर येऊन बसायला बघते, तिला ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. अकरा.

१२ ऑक्टोबर
डोळे चुरचुरतायत. जेवायला उठलो तेवढ्यात वीस. चेहरा असायला हवा तिथे नुसती सावली. बायकोला खोटंच सांगितलं, घरात औषध फवारायचंय, लेकीला घेऊन माहेरी जा. तिला पटलं नाही. पण माझा अवतार बघून सामान भरतेय. त्याला मी हवा असेन, तर मी इथेच आहे.

१४ ऑक्टोबर, सकाळ
चाळीस. आमच्या फाटकाशी. दोघी इमारतीच्या मागच्या दाराने निघाल्या. दुर्बिणीवरून डोळा न काढता लिहितोय, ओळी वाकड्या—

तीस. पाठ दिसतेय. परत चाललाय—

वीस. रडू येतंय. सुटलो—

दोघी रस्त्याला लागलेल्या दिसल्या. चांगल्या लांब गेल्यात. बायको नऊ खुणा. लेक सहा.

तो दहा.

तिघं एकाच अंतरावर— हाका मारतोय, ऐकू जात नाही— लेकीचा एक हात आईच्या हातात. दुसरा तिने वर केलाय, बोट धरायला, आणि तो वाकून—