गाडीचं तोंड घराकडे की रस्त्याकडे

रविवार, दुपार.
(तापमान उणे एकतीस. वारा धरला तर आकडा सांगण्यात अर्थ नाही.)

आदरणीय परास्काआत्यांना लेसियाचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही ‘बरा आहे’ म्हणालात, पण मनगट मोडलं होतं तेव्हाही तुम्ही तेच म्हणाला होतात, म्हणून डॉक्टर काय म्हणाले ते कळवावं. व्हिक्टोरियात फेब्रुवारीतच चेरी फुलली असं तुमच्या फोटोवरून दिसलं. फोटो बाबांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि ‘दिखाऊपणा’ म्हणाले. इकडे मी बरी आहे. बाबा बरे आहेत. टॅरसदादा रिजायनात बरा आहे आणि दर रविवारी फोन करून आम्ही दोघं बरे नाही हे आम्हाला समजावून सांगतो.

बाबांनी तुम्हाला फोन केल्याचं मला कळलं आहे. (दार लावून बोलत होते, पण कमी ऐकू येणारा माणूस दार लावून बोलला तरी घरभर ऐकू जातं.) ड्राइव्हवेत गाडी तोंड आत करून लावायची की रिव्हर्सने, याचा निवाडा त्यांनी तुमच्यावर सोपवला, आणि मलाही ते मान्य आहे. धान्याच्या ट्रकवर त्यांना तुम्ही शिकवलंत, त्यांचे पाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हते तेव्हा. या घरात गाडीच्या बाबतीत तुमच्या वरती कोणी नाही. मात्र त्यांनी सांगितलेली हकीगत अपुरी असणार. ‘लेसियाने घराची पन्हळ पळवून नेली’ एवढंच त्यांनी सांगितलं असेल. ते खरं आहे. पण कुठल्याही अपघातात क्रम महत्त्वाचा असतो, म्हणून क्रमाने लिहिते.

नाताळानंतर (आपल्या नाताळानंतर, जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीतल्या) एका सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे गाडी ड्राइव्हवेतून मागे काढली, रस्ता आडवा ओलांडला, आणि समोरच्या फ्रीसेनबाईंच्या उभ्या गाडीच्या दारात नेऊन थांबवली. गाडीत कोणी नव्हतं. कोणाला काही लागलं नाही. फ्रीसेनबाई दारात आल्या, गाडी पाहिली, बाबांना पाहिलं आणि म्हणाल्या, “बोहदान, यायचंच होतं तर बेल वाजवायची ना.” बाबांनी माफी मागितली. मी घरी आल्यावर त्यांना विचारलं, बाबा, मागे पाहिलं नव्हतं का? ते म्हणाले, “पाहिलं की. कोणी थांबा म्हणालं नाही.” हे उत्तर मी तेव्हा निरर्थक म्हणून सोडून दिलं. त्याकडे पुन्हा येईन.

पुढे विम्याची भरपाई झाली, बाबांचं वय कोणाच्या तरी नजरेत आलं, आणि त्यांनी गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी असं पत्र आलं. टॅरसदादा त्याच आठवड्यात आला. ओव्हरकोटही न काढता स्वयंपाकघरात उभा राहून त्याने सांगून टाकलं: परीक्षेत नापास झाले, किंवा पास होऊनही गाडीवर आणखी एक ओरखडा आला, तर हे घर विकायचं आणि बाबांनी रिजायनात म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहायला यायचं. तिथे लिफ्ट आहे, पत्ते आहेत, जिम्नॅशियम आहे. बाबांनी विचारलं, बर्फावरचं कर्लिंग खेळायला आहे? नाही. बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये पिरोहीच्या करंज्या वळायला यायला गाडी? नाही, इमारतीची बस आहे, मॉलला जाते. बाबा म्हणाले, “मॉलमध्ये माझं काय काम? मला सगळं आहे.” मग ते तळघरात गेले आणि दादा निघेपर्यंत वर आले नाहीत. दादा वाईट नाही. त्याला काळजी वाटते, आणि त्याची काळजी नेहमी दुसऱ्याच्या घराच्या किमतीपर्यंत जाऊन पोचते.

आता माझं म्हणणं. मी खाणीत सुरक्षेचं काम बघते हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या खाणीत प्रत्येक गाडी रिव्हर्सनेच लावावी लागते, तोंड बाहेर. नवीन माणसांना हे मीच शिकवते. कारण साधं आहे. रिव्हर्स एकदा घ्यावाच लागतो, येताना नाहीतर जाताना. येताना इंजिन गरम असतं, काच स्वच्छ असते, आणि मागे असते आपलीच रिकामी जागा, जी आपण आत्ताच समोरून पाहिली. जाताना काचेवर बर्फ, दोन्ही बाजूंना नगरपालिकेच्या बर्फ काढणाऱ्या नांगराने लोटलेले माणसापेक्षा उंच ढीग, आणि मागे सगळं जग. यात मतभेदाला जागा कुठे आहे हे मला आजवर कळलेलं नाही.

बाबांना ती जागा सापडली. तुम्हाला तिकडे जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते: इकडे रात्री गाडीच्या इंजिनाला विजेने ऊब द्यावी लागते, नाहीतर सकाळी किल्ली फिरवून काही होत नाही. त्याची वायर गाडीच्या पुढच्या जाळीतून लोंबते आणि प्लग असतो गराजच्या भिंतीवर. (गराजमध्ये गाडी का लावत नाही, असं विचारू नका. तिथे अजून कापणीच्या कंबाइनचे भाग आहेत. कंबाइन विकून किती काळ लोटला हे तुम्हाला ठाऊक आहे.) म्हणून बाबा म्हणतात, “प्लग भिंतीवर, वायर पुढे. गाय कधी गव्हाणीकडे पाठ करून उभी राहते का?” मी म्हटलं, गाय सकाळी सहाला खाणीवर जात नाही. ते म्हणाले, “म्हणूनच ती सुखी आहे.”

बाबांना पटवायचं तर आधी करून दाखवायला हवं, म्हणून मी माझी गाडी रिव्हर्सने लावायला लागले आणि प्लगपासून गाडीच्या तोंडापर्यंत जमिनीवरून लांब नारिंगी वायर टाकली. पहिल्याच हिमवृष्टीनंतर बाबांनी पहाटे बर्फ उडवायचं यंत्र चालवलं आणि यंत्राने ती खाल्ली. (मुद्दाम नाही. यंत्र बंद करून, आत अडकलेली वायर तासभर उपसताना त्यांनी ज्या शब्दांत माझा उद्धार केला, त्यावरून खात्री पटली.) दुसरी वायर मी जमिनीवर टाकली नाही. छपराच्या पन्हळीला कड्या लावून, तिथून रस्त्याकडच्या स्प्रूसच्या झाडापर्यंत तार ताणून, वायर वरून नेली आणि गाडीच्या नाकासमोर खाली सोडली. वाऱ्याने प्लग सुटू नये म्हणून तो दुहेरी गाठ मारून पक्का बांधला. हे काम नीट झालं होतं, असं माझं अजूनही मत आहे. शेजारपाजारच्या दोघांनी त्याचे फोटो काढून नेले.

पुढचं तुम्हाला कळलं आहे. तोंड बाहेर असलेल्या गाडीचा फायदा हा की सकाळी बसायचं आणि निघायचं. मी बसले आणि निघाले. अंधार होता, बर्फाचं धुकं होतं, रेडिओ चालू होता. थोडा आवाज आला, पण या थंडीत गाडी पहिला मैलभर कुरकुरतेच. खाणीच्या फाटकाशी डेल नावाचा पहारेकरी आहे. त्याने अडसर वर केला, माझ्या मागे पाहिलं, अडसर पुन्हा खाली केला आणि काचेशी येऊन म्हणाला, “मॅडम, आज छप्पर घेऊन कामाला?” मागे नारिंगी वायर होती, तार होती, स्प्रूसची एक फांदी होती, आणि आपल्या घराच्या पन्हळीचा चांगला लांब तुकडा होता. डेलने सगळं सोडवलं. मग मी गाडी जागेवर नेऊन लावली, अर्थातच रिव्हर्सने, कारण नियम आहे, आणि आठ वाजता सुरक्षेच्या बैठकीत हिवाळ्यातल्या निष्काळजीपणावर बोलले. विषय आधीच ठरला होता. पन्हळीचा तुकडा डेलच्या खोलीवर टांगलेला आहे. मागितला तर पुरावा म्हणतो. बाबा हसले नाहीत. जेवताना फक्त एवढंच विचारलं, “पन्हळीला जागा मिळाली का गं? तोंड बाहेरच ठेवलंस ना तिचं?”

आता परीक्षा. गेल्या आठवड्यात झाली. मी बाबांना घेऊन गेले. परीक्षक माझ्याच वयाची मुलगी होती, हातमोजे न काढता लिहिणारी. बाबांनी आईच्या अंत्यविधीचा कोट घातला होता. मी कचेरीच्या खिडकीतून बघत होते. शेवटी तिने त्यांना दोन पिकअपच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गाडी रिव्हर्सने लावायला सांगितलं. मला काळजी वाटली, ती लिहून ठेवण्याइतकी होती. आत्या, त्यांनी एकाच झटक्यात, दोन्हीकडे सारखी जागा सोडून गाडी अशी लावली की आमच्या खाणीत मी ती उदाहरण म्हणून दाखवली असती. एवढी वर्षं धान्याच्या ट्रकमागे ट्रेलर जोडून रिव्हर्स घेतलेला माणूस. त्यांना येत नाही, असं मला का वाटत होतं कोण जाणे. पास झाले.

पण ती मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, “एक विचारू? ड्राइव्हवेतून मागे काढायला सांगितलं, तेव्हा आजोबा आरशात एकाच जागी बघून थांबले. बराच वेळ. तिथे कोणी नव्हतं. कोणाची वाट बघतात का?” मी सांगितलं की जुन्या गाडीचं इंजिन स्थिर व्हायला वेळ लागतो. मी सहसा खोटं बोलत नाही.

तुम्हाला मी सांगायला नको. आई रोज सकाळी रस्त्यावर जाऊन उभी राहायची. फेल्टचे बूट, हातात भांडी पुसायचं फडकं. फडकं हलतं आहे तोवर या, फडकं खाली आलं की थांबा. पावसात, धुळीत, असल्या थंडीत. माझी शाळेची बस यायची तेव्हा मला त्याची लाज वाटायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. बाबा अजून आरशात फडकं खाली यायची वाट बघतात, आणि ते येत नाही म्हणून गाडी रस्ता ओलांडून जाते. आमच्या नियमावलीत हेच आहे: मागे घ्यायचीच असेल तर मागे माणूस उभा करा. आईने ती कधी वाचली नव्हती.

म्हणून माझी बाजू अशी. मी सहाला निघते, बाबा नऊला. रस्त्यावर उभं राहायला कोणी नाही. गाडी रिव्हर्सने लावली तर कोणी लागणारही नाही. रात्री लावतेवेळी मी घरी असतेच. बर्फ वितळून जमीन मऊ झाली की रस्त्याच्या बाजूला खांब पुरून त्यावर प्लग बसवून देईन, म्हणजे गव्हाणीचाही प्रश्न सुटेल. आणखी एक ओरखडा म्हणजे घर जाणं, हे बाबांना कळतं, पण माझं ऐकणं म्हणजे हार मानणं असं त्यांना वाटतं. तुमचं ऐकण्यात त्यांना कमीपणा नाही. तेव्हा निवाडा माझ्या बाजूने द्यावा, लवकर द्यावा, आणि गुडघ्याची काळजी घ्यावी.

तुमची भाची
लेसिया

ता. क. बीट घातलेल्या हॉर्सरॅडिशच्या दोन बाटल्या पाठवते आहे. ते तिखट मूळ बाबांनी किसलं. दोन खोल्यांपलीकडे मला रडू आलं, यावरून ते जमलं आहे.

दुसरा ता. क. आज मंगळवार. पाकीट बंद केलं होतं, किटलीच्या वाफेवर उघडलं. आज माझी सुट्टी होती, म्हणून नऊ वाजता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. बाबांनी वायर काढली, गुंडाळून कडीला अडकवली, गाडीत बसले, आरशात बघून थांबले. मी बूट घालायला वळले तेवढ्यात समोरच्या घराचं दार उघडलं. फ्रीसेनबाई. अंगात मृत नवऱ्याचा जाड पार्का कोट, आणि हातात शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देताना त्या धरायच्या ती लाल पाटी, ‘थांबा’ लिहिलेली. निवृत्त झाल्यावर परत केलेली दिसत नाही. त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मोकळ्या हाताने बाबांना बोलावत राहिल्या, आणि पाटी वर केली. बाबा थांबले. जागच्या जागी, आत्या. मग काच खाली करून काहीतरी म्हणाले, त्या म्हणाल्या, “तर काय! माझं दार मी एकदाच बदलणार,” आणि दोघंही उणे एकतीसमध्ये बराच वेळ हसत राहिले. बाबांना मी आडून विचारलं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून रोज चालू आहे.

तेव्हा वर लिहिलेलं सगळं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असलं तरी विनंती अशी, की निवाडा बाबांच्या बाजूने द्यावा. गाडी तोंड आत करूनच लावावी. लगेच देऊ नका, थोडे आढेवेढे घ्या, मला दोन शब्द सुनवा, नाहीतर त्यांना संशय येईल. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नये. खांब मी पुरत नाही.

तिसरा ता. क. गुरुवार. आजही माझी सुट्टी. बाबांनी सकाळी आठला दाढी केली. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, “कुठे नाही. गाडी जरा मागे घेऊन बघतो.” मागे घेतली, पाटी वर झाली, थांबले. मग पुन्हा आत लावली, तोंड घराकडे करून.