मोठा वाटा

आये, काल मावशीने बोईसरच्या बाजारात सुक्या बोंबलांचे दोन वाटे केले आणि मला म्हणाली, "उचल." तुमची रीत तिने अजून सोडलेली नाही. तुम्ही दोघी मुरब्याच्या बंदरावरून मिळून माल आणायच्या आणि एकाच फडक्यावर ओतायच्या. वाटे तिने करायचे, पहिला तू उचलायचा. ती कितीही सारखे करू दे, एक जरा लहान दिसायचाच, आणि तू नेमका तोच घ्यायचीस. मी एकदा विचारलं तर माझ्यावरच उखडलीस. "मोटा उचलला तर उद्या ती माज्या बाजूला बसंल काय?"

तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते. सरकारी दवाखान्यातल्या बाकावर तू बसली आहेस, धाप थांबत नाही. डॉक्टर सांगतायत, ऑक्सिजनचा एकच सिलिंडर आहे, तो दुसऱ्या पेशंटला लावलाय, हिला मोठ्या दवाखान्यात न्या. बाबा गाडी शोधायला धावतायत. मनोरच्या पुढे हायवेवर माझ्या हातातला तुझा हात सैल पडला.

महामारी आली तेव्हा मी नुकतीच पदवीधर झाले होते, आपल्या घरातली पहिली. त्याच दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर करारावर लागले. सरकारचा निधी आला आणि तुझ्या बाकामागच्या भिंतीवरून ऑक्सिजनची तांब्याची नळी टाकली गेली, प्रत्येक खाटेपर्यंत. मला खूप अभिमान वाटला. सरकारने असंच असायला हवं, असं मी भेटेल त्याला सांगायचे, आणि ते मनापासून सांगायचे. मग एका दुपारी रिक्षातून मावशीला आणलं, तिलाही धाप लागलेली. तिचा केसपेपर मीच काढला. तिला खाट मिळाली, नाकाला नळी लागली, आणि आठवडाभराने ती चालत बाहेर आली. दारात तिची मुलगी तिच्यावर ओरडत होती, चप्पल का नाही घातलीस म्हणून. मावशी बरी झाली याचा मला आनंद झाला, पण त्या मुलीचा इतका हेवा वाटला की मी खिडकीपासून मागे सरकले. तिला आईवर ओरडता येत होतं.

तुझी धाप एकटीची होती गं. सगळ्या देशाला एकदम धाप लागली, तेव्हा कुठे ती नळी आली.

बाजार पुन्हा उघडला तेव्हा रस्त्यावर बसून विकणाऱ्यांसाठी सरकारने मदतीचं कर्ज दिलं. बायका बँकेत जायला घाबरत होत्या, मीच एकेकीला घेऊन गेले. मावशीने त्यातून माल भरला, डोक्यावर निळ्या ताडपत्रीचं छप्पर घातलं आणि येईल त्याला सांगू लागली, "आमचा पन धंदा हाय, सरकारला पटला." सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या छपराखाली दोघींना पुरेल एवढी सावली पडते. तू उन्हात बसून काळी झालीस, डोक्याला पदर तेवढा. मावशीला चांगले दिवस आले की मला प्रत्येक वेळी वाटतं, यातलं अर्धं तुझं होतं.

ती मला दर आठवड्याला वाटा देते, तुझा म्हणून. आजवर मी तुझ्यासारखा लहानच उचलत आले. काल मात्र तिने न लपवता एक वाटा मोठा केला होता. मी तो उचलला, पिशवीत भरला.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "तुज्या आयनं कदी नाय उचलला," म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी निघणार, तेवढ्यात तिने पाटी ओढून छपराखाली जागा केली. "बस गो बाय, ऊन हाय."

हे पत्र लिहून मी कपाटात तुझ्या लुगड्याखाली ठेवणार आहे, दुसरं कुठे टाकणार. एवढंच सांगायचं होतं, की मी तिच्या बाजूला तुझ्या जागेवर बसले, बराच वेळ बसले. पण वाटा परत ठेवला नाही.