दारावरची चौथी रेघ

आक्का,

ही हाक तू जन्मात कधी ऐकली नाहीस, आणि पत्र हातात पडलं असतं तरी तुला ते वाचता आलं नसतं. तरी लिहायला बसलोय. तुझा भाऊ मास्तर ना! त्याला कागदाशिवाय दुसरं काही येतंय कुठं?

तुला जाऊन दोन महिने झाले. आज दुपारी कामशेतहून टपाल आलं, त्यात बाईंची चिठ्ठी होती. आठवतात ना त्या बाई? पुण्याहून आलेल्या, कॅनव्हासचे बूट घालून आपल्या चढणी चढणाऱ्या, ज्यांच्यामागं तू तीन दिवस गेरूची वाटी घेऊन हिंडलीस त्या. दहा वर्षांनी त्या पुन्हा आंदर मावळात पाहणीला येतायत. परवा सोमवारी सुरुवात, आणि पहिलं घर आपलं. मागचे तक्तेही बरोबर आणणार आहेत, जुनं आणि नवं ताडून बघायला. चिठ्ठी वाचली आणि मी शाळेच्या पायरीवर बसूनच राहिलो.

तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू? आबा गेले, आई गेली. आणि जे सांगायचंय ते तुझंच तर आहे.

तुझे कान तापात गेले असं आई सांगायची. ताप खरंच आला होता की नाही, देव जाणे. मला कळू लागलं तेव्हापासून तू अशीच होतीस. गाव तुला मुकी म्हणायचं, आणि हौसा हे तुझं नाव आईशिवाय कुणाच्या ध्यानातही नव्हतं. पण भात कांडायची वेळ आली की आळीतल्या बाया तुझी वाट बघायच्या. एका उखळात दोघींनी पाळीपाळीने मुसळ घालायचं म्हणजे चेष्टा नाही, ताल चुकला की मुसळावर मुसळ आपटतं. तुझा ताल कधी चुकला नाही. मी लहानपणी एकदा तुझ्याशेजारी अनवाणी उभा राहिलो तेव्हा उमगलं, तुला तो जमिनीतून तळपायाला कळत होता.

बाई आल्या ते मार्गशीर्षाचे दिवस होते. गावोगावची गरिबी कशी आहे, घरात खाणारी तोंडं किती, कुणाला व्यंग आहे, हे सगळं घरोघर जाऊन लिहायचं असं त्यांचं काम. वाट दाखवायला आणि तक्ते भरायला मी, आणि नकला करायला तळेगावकडचे एक कारकून. हे कारकून कोण, ते तुला तेव्हा कुणी सांगितलं नाही. ते पार्वतीचे मामा. आमच्या लग्नाची बोलणी त्याच महिन्यात चालली होती.

एकच घर दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून बाईंनी एक युक्ती काढली होती. घर लिहून झालं की दाराच्या चौकटीवर गेरूच्या रेघा ओढायच्या, माणसं जितकी तितक्या. म्हाताऱ्या घाबरल्या. प्लेगच्या दिवसांत दारावर खुणा करून माणसं छावणीत नेली होती, ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. तू मात्र पहिल्याच दिवशी कारकुनांच्या हातून वाटी घेतलीस आणि एका म्हातारीच्या काठीवर गेरूची रेघ ओढून तिला हसवलंस. तेवढ्यानं आळी निवळली. माझी भाषणं पालथ्या घड्यावर पाणी ठरली होती.

दुसऱ्या दिवशी ठाकरवाडीत काय झालं ते मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. एका झोपडीवर कारकुनांनी पाच रेघा ओढल्या. तू त्यांची बाही ओढलीस आणि आत आढ्याला टांगलेली झोळी दाखवलीस. झोळीत तान्हं पोर होतं. त्या रेघा म्हणजे काय हे तुला कुणी समजावलं नव्हतं, तुझं तूच ओळखलंस! बाई तुझ्याकडे बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या,

"मास्तर, ही कोण हो? फार हुशार दिसते."

कारकून शेजारी उभे होते. मी म्हटलं, "गावातलीच आहे एक."

तुला ऐकू येत नाही, या एका गोष्टीवर मी विसंबलो होतो. पण तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. काय कळलं होतं तुला? मी पुढं कधी विचारलं नाही. विचारायचं कसं, तेही मी शिकलो नव्हतो. जेव, ये, जा, पाणी, एवढ्याच तुझ्या खुणा मला यायच्या. एका घरात तीस वर्षं राहून चार खुणा! सातवी पास झालेल्या माणसाला हे शोभतं का?

त्याच झोपडीत त्या ठाकराची थोरली मुलगीही मुकी निघाली. आठ-नऊ वर्षांची. व्यंगाचा रकाना आला तेव्हा मी घुटमळलो. वाटलं, बापाला नको असेल, राहू द्यावं. तर तोच म्हणाला, "बोलत न्हाई, पन हाय तर खरी. मंग लिवा की मास्तर. माज्या पोरीला म्या कुटं लपवू?"

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं.

आणि तिसऱ्या दिवशी आपल्या दारात आलो. बाईंनी आबांना विचारलं, घरात माणसं किती? आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तीन. आबा, आई, मी. व्यंग? कुणाला नाही. आई आत चुलीपाशी होती, ती बाहेरच आली नाही. कारकुनांनी तीन रेघा ओढल्या आणि सगळे पुढच्या घराकडे वळले.

तू वाटी घेऊन तिथंच उभी राहिलीस. रेघांकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. मग बोट गेरूत बुडवून माझ्या रेघेशेजारी चौथी रेघ ओढलीस. चांगली लांब, सरळ. तुला वाटलं असेल, झोळीतल्या पोरासारखंच झालं, चुकून राहिलं. हो ना? तू चूक दुरुस्त करत होतीस गं!

मी धोतराच्या सोग्यानं ती रेघ पुसली.

तू रागावली नाहीस. वाटी उंबऱ्यावर ठेवलीस आणि गोठ्यात गेलीस. त्या संध्याकाळी आई एवढंच म्हणाली, "ती ऐकत न्हाई म्हून काय झालं. द्येव ऐकतो." सोग्यावरचा गेरू आईनं दोनदा धुतला तरी निघाला नाही.

हे इथंच संपलं असतं तरी एक वेळ मी स्वतःला समजावलं असतं. पण माघात पुण्याहून बाईंचं पत्र आलं. तक्ते जुळवताना त्यांच्या लक्षात आलं होतं. लिहिलं होतं, गेरूची वाटी धरणारी ती बाई मला कुठल्याच घरात सापडत नाही, तिला कोणत्या घरात धरलंय ते कळवावं. सगळ्या गावाची माणसं कागदावर उतरली होती, आणि त्यातून गळलेलं एक माणूस त्या पुण्यात बसून शोधत होत्या. मी उलट टपाली उत्तर दिलं. म्हटलं, ती पाहुणी होती, आपल्या गावी गेली.

आक्का, तू त्या वेळी माझ्यासमोर बसून माझ्याच पंच्याला ठिगळ लावत होतीस.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हणायचो. पार्वतीकडची मंडळी घर बघायला आली तेव्हा तुला दोन दिवस मावशीकडे धाडलं. गावानंही तोंड उघडलं नाही, मास्तरची लाज म्हणून. अक्षता पडल्या आणि तिसऱ्या दिवशी पार्वतीनं तुला उखळापाशी पाहिलं. मला वाटलं, आता रडारड होणार. ती पदर खोचून तुझ्यासमोर मुसळ घेऊन उभी राहिली. माझ्याशी मात्र महिनाभर धड बोलली नाही. पुढं कधीतरी म्हणाली, "मला वन्संचा राग न्हवता आला. तुमचा आलता."

त्या वर्षी दिवाळीला घर सारवलंस तेव्हा चौकटीवर पुन्हा चौथी रेघ आली. शेजारी पाचवी, पार्वतीची. मी पुसली नाही. हिंमतच झाली नाही. मग दर दिवाळीला त्या रेघा तू नव्यानं ओढायचीस. पोरं झाली तशा वाढवल्यास. आबा आणि आई गेल्यावरही त्यांच्या रेघा तशाच ठेवल्यास. गावाचा तक्ता भरला मी, पण आपल्या घराचा खरा तक्ता तूच राखलास. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दरम्यान बाईंनी लोणावळ्याला, स्टेशनपासून थोड्या अंतरावर, दोन खोल्या घेऊन मुक्या-बहिऱ्यांसाठी शाळा सुरू केली. मुलं कुठून घेतली? त्या तक्त्यांतून. व्यंगाच्या रकान्यात ज्यांची नावं होती त्यांच्या घरी पत्रं गेली. मोठ्यांसाठी शिवण आणि वेताचं काम होतं. ठाकराची पोर गेली. आपल्या घरी पत्र कसं येणार? आपल्याकडे कुणी नव्हतंच.

ती पोर शिमग्याला वाडीवर आली होती, ते साल आठवतं? आपल्या अंगणात तिनं काडीनं मातीत स्वतःचं नाव लिहिलं आणि तुझ्याकडे बघून हसली. तू तिच्या हातातून काडी घेतलीस. बराच वेळ धरून बसलीस. मग त्या नावाशेजारी एक रेघ ओढलीस आणि काडी तिला परत दिलीस. मी ओटीवर वह्या तपासत होतो. मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तेव्हा ती मान कुणी धरून वर केली असती तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

आता माझ्या लेकीचं, सोनीचं सांगतो. तुला ते माझ्याआधी कळलं होतं. गेल्या पावसाळ्यात तू मला हाताला धरून मागल्या दारी नेलंस. सोनी पाठमोरी खेळत होती. तू पितळी परात दगडावर आपटलीस. मी दचकलो, कोंबड्या उधळल्या, सोनी खेळतच राहिली. मग तू आपल्या कानाला बोट लावलंस आणि तिच्याकडे दाखवलंस. मी तुझा हात झिडकारला. लहान आहे, नादात आहे, असं कायकाय तोंडानं बडबडलो, जसं काही तुला ऐकूच येणार होतं. सहा महिने तुझ्याशी रागानं वागलो. राग कशाचा? तू खरं दाखवलंस त्याचा.

आणि तू? तू तिला उखळाशेजारी अनवाणी उभी करायचीस. तुझ्या सगळ्या खुणा तिला दिल्यास. पौषात तुला ताप चढला तेव्हाही तुमच्या दोघींचं अंथरुणावर काहीबाही चाललेलं असायचं. पाचव्या दिवशी तू गेलीस. आता ती पोर माझ्यासमोर हात हलवून काहीतरी विचारते आणि मला कळत नाही. तूही गं असंच विचारायचीस बहुतेक, तेव्हाही कळत नव्हतं. एवढी घाई का केलीस? मला शिकवायचं राहिलं की! की मी कधी बसलोच नाही तुझ्याजवळ?

दिवे लागायच्या सुमारास पार्वतीला चिठ्ठी वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "सोनीचं काय लिवनार?"

मी चिठ्ठीची घडी घातली. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "या बारीला पुसाल, तर मी पोरीला घिऊन लोनावळ्याला जाईन. तुमी बसा शाळंत."

आक्का, ती खोटं बोलत नाही हे तुला ठाऊक आहे.

भीती वाटते. का वाटू नये? गाव म्हणेल, मास्तरनं धडधडीत खोटं लिहिलं, मग आमचं काय लिहिलं असेल? बाई कदाचित माझ्या हातून तक्ते काढून घेतील. घेतले तर बरोबरच केलं म्हणायचं. पण तुला शब्द देतो. सोमवारी सगळ्यात आधी जुना तक्ता मागून घेईन. तीनचे चार करीन, आणि व्यंगाच्या रकान्यात लिहीन: हौसा, बहिरी-मुकी, भात कांडण्यात तरबेज. ती पाहुणी नव्हती, माझी सख्खी थोरली बहीण होती, मी लपवली, हेही खाली लिहून सही करीन. मग नव्या कागदावर सोनीचं नाव. आणि जूनमध्ये शाळा उघडली की तिला लोणावळ्याला घेऊन जाईन, तिथं तिच्याशेजारी बसून मीही खुणा शिकेन. चाळिशीकडे झुकलेला विद्यार्थी घेतील ना त्या?

पार्वतीनं तुझ्या तेराव्यानंतर घर सारवलं, पण चौकटीला हात लावला नाही. मघाशी बघितलं तर सोनी रेघांवरून बोट फिरवत होती. एकेका रेघेवर थांबून ती घरातल्या माणसाकडे बोट दाखवत होती. ही आईची, ही माझी, ही बाबांची. तुझ्या रेघेपाशी आली आणि वळून उखळाकडे बघत राहिली.

बाई सोमवारी विचारतील, घरात माणसं किती? या वेळी मी तोंडानं काही सांगणार नाही. त्यांना दारापाशी नेईन.

तुझा,
तुझ्या शेजारची रेघ,
सदाशिव