खुणेने पास झालेले कान

मु. पो. विंझर

चि. सोनिया हीस,

काकाचे डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. इकडे आम्ही दोघे खुशाल आहोत, इंद्रायणी भाताला लोंब्या धरल्या आहेत, आणि तुझी तब्येत कशी आहे ते पत्रानेच कळव. फोन करू नकोस. फोनवर तू काय सांगतेस त्यातलं मला काही कळत नाही आणि मी आपला बरं, बरं म्हणत राहतो. (मागच्या दिवाळीपासूनची माझी सगळी बरं त्यातच धर.)

लिहायचं कारण, भोरच्या कानतपासणी शिबिरात तू तुझ्या मदतनीस शार्दूलला माझ्यावरून बोललीस, ते मनाला लागून राहिलंय. त्याच्या काचेच्या खोलीत माझे कान विशीतल्या पोराचे निघाले, आणि नंतर तू स्वतः माझ्या डोक्याला वायरी चिकटवल्यास तेव्हा निम्मे बंद. तू म्हणालीस, एकतर यंत्र बिघडलंय नाहीतर शार्दूल. पोरी, दोघेही धड आहेत. बिघाड तुझ्या काका-काकीत आहे.

त्याचं असं झालं. आमच्या भाताच्या गिरणीत तीस वर्षं मी यंत्राच्या दांड्यावर आणि मंगल भात ओतायला. त्या खडखडाटात तोंडाने बोलून उपयोग नाही, म्हणून आमचा सगळा संसार खुणांवर. तिने हनुवटी उचलली की मी दांडा ओढायचा, तळवा दाखवला की बंद, बोटं चोळली की तांदूळ तुटून कणी पडतेय. (भांडणाच्या खुणा वेगळ्या आहेत, त्या पत्रात लिहिण्याजोग्या नाहीत.) त्या दिवशी शार्दूलने मला खोलीत बसवून हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणाला. मंगल काचेपलीकडे, त्याच्या खांद्यामागे उभी. यंत्रावर दिवा लागला की तिला वाटायचं, नवऱ्याला आता कळलं पाहिजे, आणि तिची हनुवटी वर जायची. हनुवटी वर गेली की माझा हात चालायचा. फसवायचं मनात नव्हतं. तीस वर्षांत त्या हनुवटीला मी एकदाही का म्हणून विचारलेलं नाही.

तुझ्या वायरींपुढे मात्र आमचं काही चाललं नाही. तू डोळे मिटून पडायला लावलंस. (डोळे मिटल्यावर हनुवटी दिसणार कुठून?) तू समजावलंस ते मी घरी येऊन वहीत उतरवलं. आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात, आवाजाने ते केस वाकले की पेशीत वीज उमटते, तिच्यामुळे मेंदूला निरोप जातो, आणि एकदा मेलेली पेशी माणसात परत उगवत नाही. भाताची रोपं मेली तर त्या जागी दुसरी लावून आपण नांगे भरतो, तसं काही करता येत नाही का, असं मी तुला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू नाही म्हणून मान हलवलीस आणि माझा हात धरलास.

तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं. मंगल सुपात तांदूळ पाखडताना गुणगुणायची. दोन वर्षं झाली, ते ऐकलं नाही. तिनेच सोडलं की माझ्यापर्यंत पोचत नाही, हे विचारायची मला लाज वाटते.

असो. शार्दूलला माझा नमस्कार सांग आणि त्याला परत बोलू नकोस.

तुझा,
अमृतकाका

ता. क. मूळ काम राहिलंच. काचेच्या खोलीतून मला ऐकू येत नसलं तरी दिसत होतं. शार्दूल मध्येच मंगलच्या मागच्या कपाटाशी गेला आणि तिथून खुर्चीकडे बोट दाखवून तिला बसा म्हणाला. तीनदा म्हणाला. ती वळली नाही, माझ्याकडेच बघत राहिली. गिरणी एकच, तीस वर्षंही तीच, आणि मी आपला स्वतःचेच कान घेऊन बसलो होतो. शिबिरातून मला जे एक कानयंत्र मिळणार आहे ते तिला दे. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. आणि तिला तपासताना मला बाहेर घालव, माझी हनुवटी जागेवर राहील याचा भरवसा नाही.

आणखी ता. क. सोनिया, हे मी काकी लिवतेय. पत्र पेटीत टाकाय माझ्याकडंच दिलं, तवा म्या ते वाचलं. मला कमी ऐकू येतंय ते मला लई दिस ठाऊक हाय. मशीन त्यांनाच दे. मला त्यांच्या हातांवरनं समदं कळतं. आन् गुणगुणायचं म्या सोडल्यालं न्हाई, रोज चालू हाय. तू त्यांना सांगू नको. मशीन लावल्यावर त्यांचं त्यांना कळंल.