दम परत येईपर्यंत

मी, खाली सही करणारी, टेनिसच्या हिशेबाने म्हातारी आणि बाकी सगळीकडे अजून तरुण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. भीतीचे दडपण कायदा धरत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. धरत असता तर हा कागद पहिल्याच ओळीला रद्द झाला असता. उद्या माझा उपांत्य सामना आहे.

कारण आधी लिहिते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताची गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली. न्हाणीघराच्या दारात मला श्वास मिळेना. ताईने ओढत बाहेर आणले. आता डॉक्टर म्हणतात, गुठळी विरघळली, खेळायला हरकत नाही. पण चेंडूची देवाणघेवाण लांबली, मोठी रॅली झाली की दम लागतो, आणि त्या दिवशीही अगदी असाच लागला होता. दोन्हींतला फरक मला ओळखता येत नाही. म्हणून रॅली संपली की मी मैदानाकडे पाठ करते, तोंडावर टॉवेल धरते आणि दम परत यायची वाट बघते. तो आला की सर्व्हिस करते.

कलम १. राहते घर, दुसऱ्या मजल्यावरचे, लिफ्ट नसलेले, माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला. आजारपणात मदतीला म्हणून आली आणि सगळे डबे आपल्या मनासारखे लावून बसली. मला साखरही सापडत नाही, तेव्हा घर तसेही तिचेच झाले आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक आईच्या देखभालीसाठी. तिला काही कळायचे असेल तर ते ताईच्या तोंडून कळावे, टीव्हीवरून नको.

कलम ३. रॅकेटा माझ्या प्रशिक्षकांच्या, म्हणजे सरांच्या अकादमीला, एका अटीवर. मागे तिथे गेले, तर लहान मुली प्रत्येक गुणानंतर पाठ फिरवून टॉवेलात तोंड घालून उभ्या. सर खुशीत होते. "तुझ्याकडून उचललंय," म्हणाले. "डोकं थंड कसं ठेवायचं ते आता तुझे सामने दाखवूनच शिकवतो." मी नुसते 'हो' म्हणून निघून आले. सरांनी मुलींना खरे काय ते सांगावे, आणि एखादी टॉवेलमागे जास्त वेळ राहिली तर जवळ जाऊन तिची चौकशी करावी.

कलम ४. टीव्हीवर समालोचन करणारे ते गृहस्थ, ज्यांनी माझ्या ऐन उमेदीत मला चिडकी ठरवले आणि आता 'दुखापतीने हिला परिपक्व केले' म्हणतात, त्यांना माझा टॉवेल, न धुता. मी नेटकडे धावते, ड्रॉप शॉट मारते, ते त्यांना डावपेच वाटतात. रॅली लवकर संपावी, एवढाच त्यात डाव. जिंकते आहे हे मात्र खरे. याआधी इतक्या जिवाच्या आकांताने मी कधी खेळलेच नव्हते.

कलम ५. मैदानावर मला काही झाले तर ताईला प्रेक्षकांतून खाली धावत येऊ देऊ नये. तिने एकदा बघितले आहे, पुरे झाले. 'खेळताखेळता गेली, भाग्यवान' असेही कोणी म्हणू नये. मला खेळताखेळता जायचे नाही. मला जायचेच नाही. मग खेळतेस कशाला, असे कोणी विचारील. ही भीती जिना चढतानाही वाटते. आज खेळणे सोडले तर उद्या जिना सोडीन आणि परवा पलंगही सोडणार नाही.

पुरवणी. वरचा मजकूर वकीलबाईंनी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला. ताईला यातले काहीच ठाऊक नव्हते. तीही मला धीराचीच समजत होती. तिने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

"एवढी घाबरतेस आणि मला बोलली नाहीस?"

"तू खेळू दिलं नसतंस."

मी सही केली. साक्षीला आलेल्या खालच्या औषधवाल्यांनीही केली. दुसरा साक्षीदार म्हणून त्यांचा भाऊ यायचा होता, तेवढ्यात ताईने पेन उचलले.

"तुम्ही नका करू," वकीलबाई म्हणाल्या. "ज्यांना घर मिळणार, त्यांनी साक्षीला राहायचं नसतं. सही केलीत तर घर हातचं जाईल."

"मग करतेच," ताई म्हणाली. "मला नको ते. हिचं घर हिनंच सांभाळावं." आणि केलीही.

तेव्हा कलम १ मधल्या घराला आता वारस नाही. दुसरे नाव द्या, असे वकीलबाई म्हणतात. मला सुचत नाही, आणि खरे सांगायचे तर मी आठवायचा प्रयत्नही करत नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पुन्हा बोलावले आहे. दार मी स्वतः उघडीन, असे सांगितले. घाबरत सांगितले, पण सांगितले.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: उपांत्य सामन्याचा आदला दिवस, दुपार

लिहून ठेवणार: (सही, पुरवणीखाली पुन्हा सही)
साक्षीदार: खालचे औषधवाले (सही)
साक्षीदार: थोरली बहीण (सही, वकीलबाईंनी समजावून सांगितल्यावरही)